एका रस्त्यावर दोन नाताळ

प्रश्न : मुलगा शिकागोत असतो. या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे होतो. तिथे ओक्ली नावाच्या रस्त्यावर हिरवट घुमटांचं एक मोठं चर्च पाहिलं. ते ओलांडून मोठा रस्ता पार केला, तर दोन-तीन मिनिटांतच सोनेरी घुमटांचं दुसरं चर्च. दोन्ही युक्रेनियन आणि दोन्ही कॅथलिक! मुलगा म्हणाला, ‘‘पूर्वी त्यांचं भांडण झालं होतं.’’ कशावरून, ते त्याला सांगता येईना. तुम्ही त्याच भागात राहिलात असं मागे एका उत्तरात लिहिलं होतंत, म्हणून विचारते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : हो, राहिले. १९७४ च्या शरदात मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून शिकागोला गेले आणि युक्रेनियन व्हिलेजमध्ये वरच्या मजल्यावरची जागा भाड्याने घेतली. तिकडे अशा दुमजली विटांच्या घराला ‘टू-फ्लॅट’ म्हणतात. खाली मालक, वर भाडेकरू. आमच्या घरमालकीणबाई सोनेरी घुमटांच्या चर्चच्या आणि शेजारचे आजोबा हिरव्या घुमटांच्या. दोघं एकमेकांच्या अंगणातला बर्फ उपसून देत, पण रविवारी सकाळी एकजण उत्तरेला वळे आणि दुसरा दक्षिणेला. तेव्हा तुमचा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर मात्र दोघांनी दोन सांगितलं, आणि दोन्ही खरं होतं.

मुलाने सांगितलं ते बरोबर आहे, पण भांडणाचं मूळ शिकागोत नाही. ही माणसं मुळात गॅलिशियातली, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधली. ही माणसं अमेरिकेत यायला लागली तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. त्याच्या कितीतरी आधी, १५९६ मध्ये, त्यांच्या चर्चने ब्रेस्त इथे रोमशी करार केला : पोपचं प्रमुखपद मान्य, पण उपासना, सण, दिनदर्शिका आणि रिवाज आमचे पूर्वेकडचेच राहतील. धर्मगुरूने दीक्षेआधी लग्न केलेलं असलं तर तेही चालेल. यांना ग्रीक कॅथलिक म्हणतात. ग्रीसशी त्यांचा संबंध एवढाच, की उपासनेची पद्धत बायझंटाइन, म्हणजे ग्रीकांकडून आलेली.

युरोपात हा करार तीनशे वर्षं टिकला. अमेरिकेत जहाजातून उतरल्याबरोबर तो मोडायला लागला. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या या लोकांसाठी १८८४ मध्ये इव्हान वोल्यान्स्की नावाचे पहिले धर्मगुरू आले, ते पत्नीसह. फिलाडेल्फियाच्या आर्चबिशपांच्या कचेरीने त्यांना दारातूनच वाटेला लावलं : लग्न झालेला कॅथलिक धर्मगुरू? असलं आमच्याकडे चालत नाही. (त्याच फिलाडेल्फियात, त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकीचा अभ्यास करत होत्या. साडीतली विद्यार्थिनी आणि बायको असलेला पाद्री! त्या शहराला त्या वर्षी बरंच काही पचवायचं होतं.) वोल्यान्स्कींनी न जुमानता शेनंडोआ या खाणगावात चर्च उभं केलं.

तेव्हा हिरव्या घुमटांच्या सेंट निकोलसची गोष्ट सुरू होते ती ‘आमच्यावर अधिकार कोणाचा?’ या प्रश्नापासून. ३१ डिसेंबर १९०५ ला शिकागोत एक्कावन्न माणसं जमली. बोलावणारे एक धर्मगुरू, आणि पुढाकार घेणाऱ्यांत डॉक्टर व्होलोदिमिर सिमेनोविच. हे डॉक्टर १८९३ च्या सुमाराला शिकागोत आलेले, म्हणजे विवेकानंदांचं भाषण झालं त्या जागतिक मेळ्याच्या काळात. या मंडळींनी चर्च स्थापन केलं आणि पहिल्याच घटनेत लिहून ठेवलं, की जागा-जुमला चर्चच्या स्वतःच्या नावावर राहील, आणि आपल्याच श्रद्धेचा, आपल्याच पंथाचा बिशप असल्याशिवाय इतर कोणत्याही बिशपचा अधिकार आम्ही मानणार नाही. इमारतीआधी, घुमटांआधी हे कलम! कामगार माणसं होती, पण खरेदीखत कोणाच्या नावाने करायचं याचं महत्त्व त्यांना चांगलं ठाऊक होतं. मला ही माणसं आवडतात ती यासाठी.

सुरुवातीला सुपीरियर आणि बिशप या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं प्रोटेस्टंटांचं एक जुनं चर्च त्यांनी विकत घेतलं. ते लवकरच अपुरं पडलं. १९०७ मध्ये रोमने अमेरिकेतल्या ग्रीक कॅथलिकांना सोतेर ओर्तिन्स्की हे बिशप दिले, पण पूर्ण अधिकार दिले नाहीत. ते मिळायला १९१३ उजाडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राइस रस्त्यावर नव्या चर्चची कोनशिला बसली. तेव्हाचे धर्मगुरू होते फादर मिकोला स्त्रुतिन्स्की. ७ जानेवारी १९१५ ला, म्हणजे त्यांच्या नाताळाच्या दिवशी, नव्या वास्तूत पहिली उपासना झाली. ती ७ जानेवारी लक्षात ठेवा.

घुमट मोजलेत का? तेरा आहेत. मधला ख्रिस्ताचा आणि बारा शिष्यांचे बारा. नमुना कीवच्या सेंट सोफियाचा, अकराव्या शतकातल्या. आता गंमत बघा. हे गॅलिशियन शेतकरी ऑस्ट्रियाच्या सम्राटाची प्रजा. कीव रशियाच्या झारच्या राज्यात. त्यांतल्या बहुतेकांनी कीव डोळ्यांनी पाहिलेलं नसणार, आणि झारच्या राज्यात ग्रीक कॅथलिक पंथावर तर बंदीच होती. ज्या देवळात आपल्याला आपल्या पद्धतीने उपासना करता आली नसती, त्याचाच आराखडा शिकागोच्या विटांत उतरवायचा, याला मी हौस म्हणणार नाही. आम्ही कोण, हे सांगायची ती पद्धत होती. १९१५ मध्ये युक्रेन नावाचं राष्ट्र नकाशावर नव्हतं. हे लोक अमेरिकेत उतरले तेव्हा स्वतःला रुसिन म्हणवत. ‘युक्रेनियन’ ही ओळख त्यांच्यात रुजली, ती इथल्या वस्तीत, वर्तमानपत्रांत, वाचनालयांत आणि या चर्चच्या तळघरातल्या गायनाच्या तालमींत.

मग दुसरं महायुद्ध. युद्धानंतर जर्मनी-ऑस्ट्रियातल्या छावण्यांत अडकलेले निर्वासित १९४८ च्या अमेरिकी कायद्यामुळे इकडे येऊ लागले. आमच्या घरमालकीणबाई त्यांतल्याच. बव्हेरियातल्या छावणीतून आलेल्या. शिकागोत रात्री कचेऱ्या झाडायचं काम मिळालं, दिवसा मुलं. १९४६ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांचं चर्च तिकडे बेकायदा ठरवून रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन करून टाकलं होतं. त्यांचे प्रमुख योसिफ स्लिपी १९४५ पासून तुरुंगात आणि सैबेरियाच्या छावण्यांत, थेट १९६३ पर्यंत. म्हणजे मायदेशी जी उपासना लपूनछपून करावी लागे, ती उघडपणे करायची जागा बाईंसाठी ओक्ली रस्त्यावर होती. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही.

१९६१ मध्ये सेंट निकोलसला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला आणि यारोस्लाव गाब्रो पहिले बिशप झाले. ते शिकागोतच जन्मलेले. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर सगळीकडेच बदलाचं वारं होतं. गाब्रोंनी ठरवलं, की जिच्या हिशेबाने नाताळ ७ जानेवारीला येतो ती जुनी ज्युलियन दिनदर्शिका सोडून सगळ्या अमेरिकेबरोबर २५ डिसेंबरला नाताळ करायचा. उपासनेत इंग्रजीही येऊ लागली. शेजारच्या आजोबांचं म्हणणं सोपं होतं : ‘‘माझ्या नातवंडांना सात जानेवारीला शाळा असते. त्यांना भाषाही कळत नाही. चर्च रिकामं होण्यापेक्षा तारीख बदललेली बरी.’’ घरमालकीणबाईंचं म्हणणंही तितकंच सोपं : ‘‘आम्ही ज्यासाठी देश सोडला तेच तुम्ही इथे आमच्याकडून सोडवताय.’’

माझं माहेर रत्नागिरीकडचं. आमच्याकडे टिळक पंचांग पाळणारी घरं आणि दाते पंचांग पाळणारी घरं यांच्यात एखाद्या वर्षी गणपतीत महिन्याचा फरक पडतो, त्यामुळे तारखेवरून घर दुभंगतं म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं नाही. पण पंचांगावरून आमच्याकडे कोणी वेगळं देऊळ बांधलं नव्हतं. इथे बांधलं. १९६८ मध्ये जुन्या दिनदर्शिकेची आणि युक्रेनियन भाषेची मंडळी बाहेर पडली आणि संत व्होलोदिमिर व ओल्हा यांच्या नावाने नवा पॅरिश, म्हणजे वेगळ्या चर्चची वेगळी मंडळी, निघाला. ओक्ली आणि सुपीरियरच्या कोपऱ्यावर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोनेरी घुमट उभे राहिले. १९७३ मध्ये त्याच्या आशीर्वाद-समारंभाला खुद्द स्लिपी आले, अठरा वर्षं कैद भोगलेले कार्डिनल. दारावरचं मोझॅक नीट पाहिलं असेल, तर त्यात ९८८ मध्ये व्होलोदिमिर राजाने कीवच्या लोकांना बाप्तिस्मा दिला तो प्रसंग आहे.

त्यात आणखी एक धागा होता. स्लिपींना ‘पॅट्रिआर्क’ हे पद मिळावं, म्हणजे आपलं चर्च रोमशी जोडलेलं पण स्वतःच्या घरात स्वतंत्र असावं, अशी या मंडळींची मागणी होती. सोव्हिएत संघाशी संबंध नाजूक असताना रोमने ती मान्य केली नाही. नव्या चर्चची मंडळी त्यांना पॅट्रिआर्कच म्हणत राहिली. १९०५ च्या त्या कलमाची आठवण होते ना? मला तर बाहेर पडलेले लोक जुन्या संस्थापकांच्या जास्त जवळचे वाटतात. हे वाक्य मी आजोबांसमोर बोलण्याची हिंमत कधी केली नाही.

प्रश्न : मी वास्तुरचनेचा विद्यार्थी आहे. लुई सलिव्हनने बांधलेलं एक छोटं चर्च याच वस्तीत आहे असं वाचलं. मग तेही युक्रेनियन का? नावात तर रशियन आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : लेव्हिट रस्त्यावरचं होली ट्रिनिटी. जरूर पाहा, गगनचुंबी इमारतींचा बाप म्हणवणाऱ्या माणसाने रशियन खेड्यातल्या लाकडी चर्चच्या धाटणीवर किती साधं, किती नेटकं काम केलंय! बांधकाम १९०३ मध्ये पूर्ण झालं. पैशांत झार निकोलस दुसरा याची देणगी होती. तिथले धर्मगुरू जॉन कोचुरोव पुढे रशियात परतले आणि १९१७ च्या क्रांतीत मारले गेले. ऑर्थोडॉक्स चर्च त्यांना संत मानतं.

नाव रशियन, पैसा रशियन. पण सुरुवातीच्या भाविकांत कार्पेथियन डोंगरातले आणि गॅलिशियातले लोक बरेच होते, म्हणजे सेंट निकोलसवाल्यांचेच गाववाले. हे कसं झालं, तर पुन्हा तेच. १८८९ मध्ये फादर अलेक्सिस टॉथ नावाचे ग्रीक कॅथलिक धर्मगुरू मिनियापोलिसला गेले. रीतीप्रमाणे तिथले आर्चबिशप जॉन आयर्लंड यांना भेटले. टॉथ विधुर होते. त्यांचं कधीकाळी लग्न झालं होतं एवढं कळताच आर्चबिशप भडकले आणि त्यांना धर्मगुरू म्हणून काम करायला साफ नकार दिला. टॉथ १८९१ मध्ये आपल्या सगळ्या मंडळींसह रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले, आणि त्यांच्या मागोमाग हजारो. रशियन चर्चलाही ते हवेच होते. झारचा पैसा उगाच शिकागोपर्यंत पोचत नाही.

म्हणजे त्या एका वस्तीत एकाच मुलखातल्या लोकांची तीन देवळं. ज्यांनी रोमला वैतागून रशियाचा आसरा घेतला ते लेव्हिट रस्त्यावर. ज्यांनी रोमही सोडलं नाही आणि स्वतःचा हेकाही सोडला नाही ते राइसवर. आणि त्यांच्यातलेच पुन्हा हेका धरून बाहेर पडलेले सुपीरियरच्या कोपऱ्यावर. तुम्ही वास्तुरचना शिकता, म्हणून सांगते : शैलीवरून नकाशा करायला जाल तर फसाल. सलिव्हनच्या चर्चमधला माणूस आणि तेरा घुमटांखालचा माणूस एकाच खेड्यातून, कदाचित एकाच जहाजातून आलेले असू शकतात.

प्रश्न : त्यांच्या नाताळात खायला काय असतं? केक?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : केक नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बारा पदार्थ असतात, आणि मांस, दूध, लोणी काहीच नसतं. तो उपासाचा दिवस. आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय कोणी जेवायला बसत नाही. शिकागोच्या जानेवारीत चांदणी दिसायची म्हणजे ढगांची मर्जी. आमच्याकडे बाईंचा धाकटा नातू खिडकीशी बसवलेला असे आणि भूक लागली, की त्याला हमखास चांदणी दिसे. पहिला पदार्थ कुत्या : शिजवलेले अख्खे गहू, त्यात वाटलेली खसखस आणि मध. मग बीटाचं बोर्श, मासे, कोबीच्या पानात भात गुंडाळून केलेले होलुब्त्सी आणि बटाट्याचं सारण भरलेले वरेनिकी. मी शाकाहारी, मासे सोडले तर ताटातलं सगळं मला चालायचं, आणि अमेरिकेतल्या त्या काळात असं ताट मिळणं ही चैन होती.

ईस्टरला चर्चच्या आवारात टोपल्या घेऊन रांगा लागतात. टोपलीत पास्का नावाचा गोल पाव, अंडी, सॉसेज, लोणी आणि बीटात कालवलेलं हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ, जे नाकातून पाणी काढतं. मेणाने नक्षी काढून रंगवलेली अंडी, पिसांकी, ही खायची नसतात. हे आधी विचारून घ्यावं.

प्रश्न : एवढं शिकलेले लोक तारखेवरून चर्च फोडतात, हा निव्वळ आडमुठेपणा नाही का? आणि आता युक्रेननेच २५ डिसेंबरचा नाताळ स्वीकारला असं वाचलं. मग पन्नास वर्षांच्या भांडणाला काय अर्थ उरला?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. युक्रेनमधल्या ग्रीक कॅथलिक चर्चने १ सप्टेंबर २०२३ पासून ठरावीक तारखांचे सण नव्या दिनदर्शिकेने करायला सुरुवात केली. तिथलं स्वतंत्र ऑर्थोडॉक्स चर्चही त्याच दिवशी बदललं. ईस्टर मात्र जुन्याच हिशेबाने ठेवला. १९६८ मध्ये शिकागोत ज्यावरून घरं दुभंगली, ते मायदेशाने स्वतःहून केलं.

पण कारण बघा. गाब्रोंच्या वेळी युक्तिवाद होता, की आजूबाजूची अमेरिका २५ ला सण करते. २०२३ मध्ये कारण होतं, की ७ जानेवारीला मॉस्को सण करतं. तारीख तीच, दिशा उलटी. १९६८ च्या मंडळींसाठी जुनी दिनदर्शिका हा मायदेशाशी उरलेला दुवा होता, कारण तिकडे चर्चच बेकायदा होतं. आज तिकडचे लोक तीच दिनदर्शिका रशियाशी उरलेला दुवा म्हणून सोडतात. आडमुठेपणा म्हणायचं तर कोणाचा म्हणणार? हातातली एकच गोष्ट जपता येत असेल, तर माणूस ती घट्ट धरतो. हात मोकळे झाले, की काय ठेवायचं आणि काय नाही हे तो शांतपणे ठरवतो. तुमच्या प्रश्नातल्या ‘निव्वळ’ या शब्दावर माझा आक्षेप आहे, ‘आडमुठे’वर नाही. आमच्या बाई आडमुठ्या होत्याच. सात जानेवारीला सुट्टी मागितली म्हणून मुकादमाशी त्यांचं दरवर्षी वाजायचं, आणि दरवर्षी त्या सुट्टी घ्यायच्याच.

दुसरं असं, की फुटण्यामुळे वस्ती मोडली नाही, उलट टिकली असं माझं मत आहे. दोन्ही बाजूंना आपापली शनिवारची भाषाशाळा, आपापला गायकवृंद, आपापले वर्गणीदार सांभाळावे लागले. पतपेढी मात्र त्यांची समाईक राहिली : १९५१ ची सेल्फ-रिलायन्स. बँका निर्वासितांना घरासाठी कर्ज द्यायला कां-कूं करत, तेव्हा तिथून कर्ज मिळे. आजूबाजूच्या कितीतरी वस्त्यांतले पोलिश, जर्मन, इटालियन लोक उपनगरांत निघून गेले. युक्रेनियनही गेले, पण रविवारी परत येत राहिले, कारण चर्च तिथे होतं. १९८३ मध्ये महापौर जेन बर्न यांनी या भागाला ‘युक्रेनियन व्हिलेज’ हे नाव अधिकृतपणे दिलं. १९९१ नंतर नवे लोक आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध भडकलं, तेव्हा निळे-पिवळे झेंडे घेऊन माणसं जमली ती सोनेरी घुमटांच्या चर्चसमोर. आणि निर्वासित मुलं मोठ्या संख्येने दाखल झाली ती हिरव्या घुमटांच्या कॅथीड्रलच्या शाळेत. कोणत्या तारखेचा नाताळ करता, हे त्या मुलांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : आम्ही हिंदू. आत गेलं तर चालतं का? आणि काय पाहावं?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : खुशाल जा. उपासना चालू असेल तर मागे उभं राहा. तिथे बसण्यापेक्षा उभं राहणं जास्त. वाद्यं नसतात, सगळं गळ्याने, त्यामुळे कुजबुजही लांबवर ऐकू जाते. पुढे रांग लागली, की ती पाव-द्राक्षरसाच्या प्रसादाची असते आणि फक्त त्यांच्यासाठी असते. आपण जागेवर थांबावं. कोणी वाईट मानत नाही.

सेंट निकोलसमध्ये मान वर करून छत बघा. आतलं चित्रकाम सत्तरच्या दशकात बोरिस मकारेंको यांच्या देखरेखीखाली नव्याने झालं. मी तिथे राहत होते तेव्हा आत परांच्या लागलेल्या असत आणि उपासनेत रंगाचा वास येई. मधोमध टांगलेलं नऊ थरांचं झुंबर ग्रीसमध्ये घडवलेलं आहे. बाहेर पडून शिकागो अॅव्हेन्यू ओलांडा, दुसरं चर्च पाहा, आणि त्याच्या शेजारीच सुपीरियर रस्त्यावर युक्रेनियन नॅशनल म्युझियम आहे. पिसांकी आणि भरतकाम पाहायचं असेल तर तिथे. शिकागो अॅव्हेन्यूवरून ६६ नंबरची बस जाते, ओक्लीला उतरायचं. शक्यतो रविवारी सकाळी जा. इतर दिवशी दारं बंद असू शकतात.